विसाव्याचा मुक्काम झाला

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव-गाव देऊ नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून इथे त्याचा सारांशच देते.

वय 44, बँकेत नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि पुढच्या वर्षी दहावीला जाणारी मुलगी. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली आणि ती त्यांच्या अंगात भिनली. 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या चारही बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, एकाच हंगामात पूर्ण करून त्या 'एसआर' (सुपर रँडोनर) झाल्या आणि ऑगस्ट 2023 मध्ये फ्रान्समधल्या, दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकल राइडला गेल्या. 1219 किलोमीटर, मुदत 90 तास. निघण्याआधी गावात सत्कार झाला, फलक लागला. ब्रेस्ट गाठून परत फिरल्यावर, 780 किलोमीटरच्या आसपास लुदेआक गावातल्या कंट्रोलवर (वेळेत पोहोचून शिक्का घ्यायचा थांबा), त्या कॅन्टीनच्या फरशीवर 'दहा मिनिटं' म्हणून आडव्या झाल्या. फोनची बॅटरी संपलेली होती. जाग आली तेव्हा साडेतीन तास उलटले होते आणि कंट्रोलची वेळ टळून गेली होती.

त्या लिहितात: "ताई, माझं शरीरच कमी पडलं. लोक विचारतात तेव्हा मी विषय बदलते. हा डाग मला 2027 मध्ये धुऊन काढायचाय. कोच म्हणतात ताकद वाढवावी लागेल, आठवड्यातून सहा दिवस द्या. मिस्टर म्हणतात, आता पुरे. मागच्या वेळचं कर्ज आत्ता कुठे फिटलंय. घरच्यांना यातलं काही कळत नाही. जाऊ की नको, एवढंच सांगा."

नमस्कार.

जाऊ की नको, हे शेवटी बघू. आधी तुमच्याच पत्रातला एक हिशेब मांडते, कारण तो मांडल्याशिवाय पुढचं काही बोलणं खरं होणार नाही.

तुमचा चालत्या सायकलीचा वेग ताशी 18 किलोमीटर पडला, असं तुम्ही लिहिलंय. 1219 भागिले 18 म्हणजे साधारण 67 तास 45 मिनिटं. नव्वदातून ते वजा केले की सव्वाबावीस तास उरतात. तुम्ही असंही लिहिलंय की प्रत्येक थांब्यावर 'तास-सव्वा तास तर जायचाच'. पॅरिसजवळच्या रांबुयेहून निघून परत रांबुयेला येईपर्यंत, जाता-येता मिळून, असे थांबे सोळाच्या घरात आहेत. सोळा गुणिले सव्वा तास म्हणजे वीस तास. बावीसातून वीस गेले, उरले दोन. चार रात्रींच्या प्रवासात झोपेसाठी फक्त दोन तास!

आता कोचच्या सल्ल्याचा हिशेब करू. वर्षभर सहा-सहा दिवस घाम गाळून तुमचा वेग 18 चा 19 झाला, तर सगळ्या अंतरात मिळून साडेतीन तास वाचतील. आणि ताकद आहे तेवढीच ठेवून प्रत्येक थांबा सव्वा तासावरून चाळीस मिनिटांवर आणला, तर नऊ तास वाचतात. म्हणजे तीन रात्री तीन-तीन तास झोप.

शरीर कमी पडलं, हे तुमचं वाक्य मला म्हणूनच मान्य नाही. दोन तासांच्या झोपेवर जे शरीर ब्रेस्टला जाऊन समुद्र बघून परत फिरलं, त्याला कमी पडलं म्हणणं अन्यायाचं आहे. लुदेआकच्या फरशीवर त्यानं जे केलं, ते तुम्ही ठरवून केलं असतं तर शहाणपणाचं ठरलं असतं. तुम्ही ठरवलं नाहीत, तेव्हा त्यानं परस्पर ठरवलं.

आपल्याकडे वारीत दोन शब्द आहेत, विसावा आणि मुक्काम. विसाव्याला पालखी टेकते, लोक पाणी पितात, भाकरी खातात, पायातला काटा काढतात आणि उठतात. मुक्कामाला तंबू पडतात, अंथरूण पसरतं. वारीला पहिल्यांदा जाणाऱ्यालाही हा फरक दोन दिवसांत कळतो. विसाव्याला वळकटी सोडणारा दिंडीच्या मागे राहतो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. सोळाही विसाव्यांचे तुम्ही अर्धे-अर्धे मुक्काम केलेत आणि खऱ्या मुक्कामाला वेळच उरला नाही.

यात तुमचा एकटीचा दोष नाही. आपण महाराष्ट्रात ज्या बीआरएम करतो, त्यांनी ही सवय लावलेली असते. 200 ला साडेतेरा तास मिळतात, 600 ला चाळीस. कंट्रोल म्हणजे बहुतेक वेळा हायवेवरचं हॉटेल किंवा पेट्रोल पंप. शिक्का मारला, पोहे-चहा घेतला, चार ओळखीचे भेटले, फोटो काढले, अर्धा-पाऊण तास गेला. तरीही आपण वेळेत पोहोचतो, कारण अंतर तेवढं लांब नसतं. झोपेचंही तसंच. 600 किलोमीटर एका रात्रीच्या जागरणावर ओढून नेता येतात. नवरात्रात, गणपतीत रात्र जागवलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण त्यामुळे 600 ची राइड झोपेबद्दल चुकीचं शिकवते. वाटतं, मला झोप लागत नाही, मी निभावून नेईन. 1200 ला तुमच्यासारखे नव्वद तासवाले रविवारी संध्याकाळी निघतात, म्हणजे पहिली रात्र सुरुवातीलाच सायकलवर जाते. तुमचं शरीर त्या दिवशी सकाळी उठलेलं असतं, आणि भारतातून नुकतंच आलेलं असेल तर साडेतीन तास पुढच्या घड्याळावर चालत असतं. रात्री नऊला ते आपल्या मध्यरात्रीच्या साडेबारात असतं. पुढे सोमवार, मंगळवार, बुधवार, आणखी तीन रात्री. हे जागरणानं निभत नाही. त्याला झोपेचं वेळापत्रकच लागतं.

मी 2019 ला गेले होते. त्या वर्षी जाताना वारा समोरून होता आणि ब्रिटनीतल्या, म्हणजे ब्रेस्टकडच्या पश्चिम फ्रान्समधल्या, रात्री अशा गारठ्याच्या की पहाटे ब्रेक दाबायला बोटं वळेनात. कार्हे गाव सोडून ब्रेस्टकडे जाताना मला रस्त्याच्या कडेला एक बाई सूप घेऊन बसलेली दिसली. जवळ गेले तर मैलाचा दगड. पुढे आणखी एक, पुन्हा दगड. तिसऱ्यांदा मी सायकल आडवी टाकली, हेल्मेट न काढता बस थांब्याच्या आडोशाला बसले, गजर थरथराटावर लावून फोन छातीशी ठेवला आणि वीस मिनिटं झोपले. उठले तेव्हा डोकं धुतल्यासारखं झालं होतं. माझी राइड त्या वीस मिनिटांनी वाचवली, असं मी आजही मानते. तुम्ही लिहिलंय, 'झाडांची माणसं दिसायला लागली तरी मी थांबले नाही, जिद्दीनं पुढे गेले'. ताई, ती जिद्द नव्हती, धोका होता. मान एकदा जरी झुकली, रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या एकदा जरी दोन झाल्या, तरी उतरायचं. पुढचं गाव आठ किलोमीटरवर असलं तरी तिथेच, त्या क्षणी. आपल्याकडे मागून ट्रक येत असतात, तेव्हा तर या नियमाला अपवादच नको.

आणि झोपायचं ते कॅन्टीनच्या फरशीवर नाही. मोठ्या कंट्रोलवर थोडे पैसे घेऊन झोपायची सोय असते. तिथल्या स्वयंसेवकाला किती वाजता उठवायचं ते सांगून ठेवलं की तो टॉर्च घेऊन येऊन उठवतो. ते पाच-दहा मिनिटं रांगेत जातील म्हणून तुम्ही टाळलंत आणि साडेतीन तास घालवलेत. फोनच्या भरवशावर एकट्यानं झोपायचं असेल तर एक साधं गजराचं मनगटी घड्याळ घ्या. त्याची बॅटरी नकाशा दाखवण्यात संपत नाही.

थांबा चाळीस मिनिटांत कसा बसवायचा, हे आता जरा विस्तारानं सांगते, कारण मला पत्रं पाठवणाऱ्या दहातल्या आठ जणांचं घोडं इथेच अडतं. कंट्रोल यायच्या तीन-चार किलोमीटर आधी सायकलवरच मनात म्हणायचं: शिक्का, पाणी, पोट, शौच, निघणे. याच क्रमानं. शिक्का आधी, कारण तो राहिला तर बाकी सगळं व्यर्थ. बसण्याआधी बाटल्या भरायच्या, कारण एकदा बसलं की उठायला पाय तयार होत नाहीत. बूट काढायचे ते फक्त झोपायच्या ठिकाणी. फोन चार्जिंगला लावून त्याच्यासाठी ताटकळत बसायचं नाही. भरलेली पॉवर बँक जवळ ठेवायची आणि चालता-चालता चार्ज करायचा. घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचा असेल तर दिवसातून एकदा. आणि घोळक्यात राहायचं नाही. तुम्ही सहा जणी-जण मिळून निघालात, 'एकालाही मागे सोडायचं नाही' असं ठरवून. भावना मोठी आहे, मला समजते. पण सहा जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक थांब्यावर सगळ्यात संथ माणसाइतका वेळ सगळ्यांचा जातो, आणि दर वेळी तो संथ माणूस वेगळा असतो. एकाचं पंक्चर, दुसऱ्याचं पोट, तिसरीचं चार्जिंग. रस्त्यावर सोबत राहा, रात्री तर जरूर राहा. कंट्रोलवर मात्र ज्याचं त्याचं घड्याळ.

खाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, 'शाकाहारी असल्यानं हाल झाले, ब्रेडवर काढलं'. तिथल्या कॅन्टीनमध्ये पास्ता, भात, उकडून घोटलेला बटाटा, सूप, केळी, दही आणि दुधात शिजवलेला गोड भात मिळतो. तो गोड भात म्हणजे आपली खीरच, आणि पोट बिघडलेलं असताना तिच्यासारखं दुसरं काही नाही. तरी तिसऱ्या दिवशी जीभ ओळखीचं मागते. राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भाजलेले फुटाणे आणि जिरं-मीठ-साखरेची पुडी बरोबर ठेवा. पेढे-बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत. आणि दर अर्ध्या तासाला थोडं खायचं, भूक असो वा नसो. भूक लागल्यावर खायला बसणाऱ्याचाच थांबा सव्वा तासाचा होतो. त्याच्या अंगातलं इंधन संपलेलं असतं, मग तो खातो आणि तिथेच पेंगतो.

आता एका गोष्टीबद्दल मला कडक बोलायचंय. सोबतच्या कुणीतरी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या तुम्ही दोन दिवसांत पाच-सहा घेतल्यात. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या, शरीरातलं पाणी कमी असताना आणि स्नायू सतत झिजत असताना, मूत्रपिंडावर ताण आणतात. गुडघा दुखत असेल तर सीटची उंची बघा, गिअर हलका करा, पंधरा मिनिटं थांबा. गोळी घेऊन दुखणं झाकलं की ते थांबत नाही, फक्त तुम्हाला कळेनासं होतं. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट परत आल्यावर दोन महिने बधिर होतं, हेही तुम्ही सहज लिहून गेलात. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं जाणारी नस हँडलवर तासन्‌तास दबली की असं होतं. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत ही तक्रार नेहमीची आहे. हँडल थोडं वर घ्या, जाड टेप लावा, दर दहा मिनिटांनी पकड बदला. आणि अजूनही चिमटीत सुई धरताना किंवा शर्टाचं बटण लावताना हात कमजोर वाटत असेल, तर 2027 वगैरे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

सरावाबद्दल एक गोष्ट. तुमचा बहुतेक सराव पुणे-बंगळुरू महामार्गावर झालाय. रस्ता उत्तम आहे, पण पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस त्या जातीची वाट नाही. तिथे आपल्या घाटांसारखे अंगावर येणारे चढ नाहीत. सगळ्यात उंच भाग रोक त्रेवेझेल टेकडीचा, तोही 400 मीटरच्या आतच. असं असूनही एकूण चढ 12 हजार मीटरच्या आसपास भरतो, कारण सपाट असं काही नाहीच. टेकडी उतरली की गाव, गाव संपलं की टेकडी. याच्याशी मिळतीजुळती वाट आपल्याकडे आहे ती कोकणातल्या सागरी मार्गाची. दिघीपासून मालवणपर्यंत जाऊन बघा. खाडीपाशी उतरायचं, पुलावरून किंवा फेरीबोटीतून पलीकडे जायचं, की लगेच पुन्हा चढ. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीची वाट पाहताना जी वीस मिनिटं मिळतात, त्यात खाणं, पाणी आणि डुलकी बसवायचा सराव करा. चाळीस मिनिटांचा थांबा यापेक्षा चांगला कुठे शिकायला मिळणार नाही. आणि एखादी 300 किलोमीटरची राइड दिवसभर बँकेत काम करून संध्याकाळी सातला सुरू करा. रविवारी संध्याकाळच्या त्या सुरुवातीला तुमचं शरीर कसं वागेल, ते घरबसल्या कळेल.

एवढं झालं सायकलचं. पण तुम्ही डाग हा शब्द वापरलात, आणि खरं तर त्या शब्दामुळेच मी हे पत्र निवडलं.

डाग कुणाच्या नजरेतला? 1891 मध्ये ही शर्यत पहिल्यांदा झाली, पिएर जिफार नावाच्या पत्रकारानं आपल्या वर्तमानपत्रातर्फे भरवली, तेव्हा दोनशेहून अधिक पुरुष निघाले आणि त्यातले जेमतेम निम्मे परतले. त्या पहिल्या शर्यतीत बायकांना प्रवेशच नव्हता. बाईनं ती पूर्ण करायला 1931 उजाडावं लागलं. आज ती शर्यत राहिलेली नाही. निकालात पहिला-दुसरा क्रमांक नसतो, बक्षीस नसतं. भारतातून 2019 आणि 2023 मध्ये शेकडो जण गेले आणि दोन्ही वेळा निम्म्याहून अधिक जणांना वेळेत पूर्ण करता आली नाही. त्यांच्यात माझ्याहून कितीतरी दमदार चालवणारे होते. ज्यांना या राइडबद्दल माहिती आहे, त्यांच्या लेखी डीएनएफ ('डिड नॉट फिनिश', म्हणजे राइड अपूर्ण) ही एक नोंद असते, आणि ती नोंद त्यांच्यातल्या अनेकांच्या नावावर असते. ज्यांना माहिती नाही, त्यांनी तुम्हाला निघण्याआधीच हार घातला. तुमची खरी अडचण मला वाटतं तिथे आहे. तो हार जाण्याचा होता आणि तुम्ही तो पोहोचण्याचं कर्ज समजून घेतलात. बँकेचं कर्ज फिटलं, हे अजून तुम्ही फेडताय.

म्हणून एक करून बघा. ज्या मंडळानं सत्कार केला, त्यांच्याकडे जा आणि सांगा, मला पंचेचाळीस मिनिटं द्या, मला या राइडबद्दल बोलायचंय. पुढे उभं राहून सगळं सांगा, लुदेआकच्या फरशीसकट. मी हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी होताना पाहिलंय. अपूर्ण राइड सांगणाऱ्याला लोक जास्त वेळ ऐकतात आणि जास्त प्रश्न विचारतात. मुली तर नक्की विचारतील. तुम्ही विषय बदलता, म्हणून गावातल्या कुणाला कळलंच नाही की त्यांच्यातली एक बाई अटलांटिकच्या काठापर्यंत सायकलनं जाऊन वळली.

घरच्यांना काही कळत नाही, हेही मला जरा तपासून बघायचंय. तुमचे मिस्टर 'आता पुरे' म्हणतात, त्यामागे काय आहे ते तुम्ही विचारलंत का? पत्रात कुठे दिसलं नाही. चारही बीआरएमच्या रात्री ते जागे असतील. पहाटे तीनला तुमचा लाइव्ह ठिपका नकाशावर अर्धा तास हलला नाही, तेव्हा त्यांच्या पोटात काय झालं असेल? आणि लुदेआकला साडेतीन तास तुमचा फोन बंद होता. तेव्हा इथे सकाळ झाली होती. त्या सकाळी तुमच्या घरात काय चाललं होतं, हे तुमच्या पत्रात नाही आणि मला ते जाणून घ्यावंसं वाटतं. त्यांना विचारा. समजावण्यासाठी नको, नुसतं ऐकण्यासाठी विचारा. कदाचित 'पुरे' म्हणजे पैसे पुरे असेल, कदाचित रविवार पुरे, कदाचित ती भीती पुरे. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. भीतीचं उत्तर पॉवर बँक आणि ठरलेल्या वेळेचा रोजचा फोन यांनी बरंचसं देता येतं. रविवारचं उत्तर देता येतं, लांब राइड पंधरा दिवसांतून एकदा करून. पैशाचं मात्र सगळ्यांनी एकत्र बसून, कागदावर, तिकीट-व्हिसा-राहणं-सायकलची ने-आण धरून, आणि पुन्हा कर्ज काढायचं नाही ही अट पहिल्या ओळीत लिहून.

आता तुमचा प्रश्न. माझं मत सरळ सांगते: 2027 चा निर्णय आज घेऊ नका. यंदाच्या हंगामात इथली एखादी 1000 किलोमीटरची बीआरएम करा. मुदत 75 तास असते, विमान लागत नाही, आठवड्याभराच्या रजेत सगळं बसतं. सोबत एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक थांब्याची येण्याची व निघण्याची वेळ लिहा, आणखी काही नाही. झोपेचे दोन मुक्काम आधीच कागदावर ठरवा आणि ते पाळा. मागच्या वेळी पॅरिसच्या नोंदणीचा क्रम आदल्या वर्षी पूर्ण केलेल्या सगळ्यात लांब ब्रेव्हेवरून, म्हणजे बीआरएमसारख्या राइडवरून, लागला होता, त्यामुळे जायचं ठरलंच तर ही राइड तिथेही उपयोगी पडेल.

ती संपल्यावर वही आणि स्वतःचं मन, दोन्ही बघा. थांबे आटोक्यात आले, झोप मिळाली, आणि शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये तुम्हाला वाटलं की उद्याही चालवता येईल, तर 2027 तुमच्या आवाक्यात आहे. मुलीची दहावीची परीक्षा मार्चपर्यंत संपते. पात्रतेच्या चारही राइड जानेवारीच्या आत उरकून परीक्षेचे दोन महिने सायकल भिंतीला टेकवून ठेवता आली, तर घरातल्या दोघींचीही परीक्षा नीट होईल. ते जमणार नसेल तर 2031 आहे. तुम्ही तेव्हा 49 वर्षांच्या असाल. या राइडला 49 हे काही जास्त वय नाही, साठी ओलांडलेली कितीतरी माणसं मी तिथे चढावर माझ्या पुढे जाताना पाहिली आहेत. पूर्वी ही शर्यत दहा-दहा वर्षांनी होत असे, चार वर्षं त्या मानानं थोडी.

आणि हजार किलोमीटर करताना जर कळलं की तुम्हाला रात्री चालवायला आवडत नाही, कोकणातली दिवसाची दोनशे किलोमीटर आवडतात, तर तेही मनापासून मान्य करा. पत्रात तुम्ही सगळ्यात आनंदानं काय लिहिलंय माहितेय? ब्रेस्टचा पूल नाही. 'सकाळी साडेपाचला कृष्णेवरून जाताना पाण्यावर धुकं असतं आणि मी एकटीच असते', हे. त्यासाठी व्हिसा लागत नाही.

एक गोष्ट राहिली. जातानाच्या वाटेवर फुजेर गावाच्या अलीकडे एका खेड्यात घरासमोर टेबल मांडून बसलेल्या आजोबांनी तुम्हाला कॉफी आणि गरम क्रेप (पातळ धिरडं) दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि घरी गेल्यावर तुमच्या गावाचं चित्र असलेलं पत्र पाठवा म्हणून चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. 'पूर्णच झाली नाही तर कुठल्या तोंडानं पाठवू,' म्हणून ती चिठ्ठी अजून हँडलच्या पिशवीत आहे, असं तुम्ही लिहिलंय. ताई, त्यांनी तुम्हाला क्रेप दिलं तेव्हा तुम्ही तीनशे किलोमीटरही पूर्ण केले नव्हते. तुम्ही पोहोचणार का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. आयर्विन पुलाचा एखादा चांगला फोटो छापून घ्या, मागे मराठीत चार ओळी लिहा, मुलीकडून त्याखाली फ्रेंचमध्ये 'मेर्सी', म्हणजे धन्यवाद, लिहून घ्या. पत्ता पुन्हा उतरवू नका, अक्षर चुकेल. त्यांची चिठ्ठीच पाकिटावर चिकटवा आणि सोमवारी बँकेत जाताना पोस्टात टाका.